रिकामी खुर्ची मोजू नये

धम्मप्रिया : वीस. बघा, टेप तुमच्यासमोरच धरलाय. जमिनीपासून बैठकीपर्यंत वीस इंच. डॉक्टरांनी एकोणीसच्या खाली नको म्हणून सांगितलंय, म्हणजे हिच्यात एक इंच वरच आहे. हीच द्या. गाडीत ठेवायला कोणी मिळेल का?

लालमहंमद : सबर करा मॅडम. तुम्ही रिकामी खुर्ची मोजली.

धम्मप्रिया : मग काय भरलेली मोजू?

लालमहंमद : हाव. माणूस बसवून मोजायची असती. हिच्या पोटात स्प्रिंगा हायेत. वरून नवं रेक्झिन मीच चढवलं, म्हणून नवरदेवावाणी दिसून राहिली. पण माणूस बसला की चार इंच खाली जाते. वीसची सोळा. बसून बघा तुम्हीच.

धम्मप्रिया : मला बसायला वेळ नाही हो. चार वाजता डिस्चार्ज आहे, आत्ताच सव्वादोन झाले.

लालमहंमद : उभ्यानं खुर्ची घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघून राहिलो. बसा.

धम्मप्रिया : बसले. घ्या... अगं बाई! खरंच खाली जाते की. गुडघे वर आले माझे.

लालमहंमद : आता सांगा, कोणासाठी घ्यायलात?

धम्मप्रिया : आबांसाठी, माझ्या वडलांसाठी. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या खुब्याची वाटी बदलली. सगळं नीट झालं होतं, काठी घेऊन अंगणात फिरत होते. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आणि मागच्या मंगळवारी मी शाळेत असताना हे खाली बसले. उठताना वाटी निखळली. अहमदपूरहून इथं नांदेडला आणेपर्यंत रस्ताभर ओरडत होते हो. प्रत्येक गचक्याला. भूल देऊन सांधा पुन्हा जागेवर बसवला. आता डॉक्टर म्हणतात, परत निसटला तर उघडून ऑपरेशन करावं लागेल आणि त्यांचं हृदय तेवढी मोठी भूल सोसणार नाही. म्हणजे काय ते कळलं ना तुम्हाला?

लालमहंमद : कळलं.

धम्मप्रिया : प्लास्टिकची खुर्ची आणली, ती फरशीवर सरकते. सोफ्यात ते रुततात. चाकाची आणली तर ती पळते. मग आमच्या शाळेतले दयानंद सर म्हणाले, नांदेडच्या इतवारा बाजारात लालमहंमद मिस्त्री आहेत, जुन्या सागवानी खुर्च्या नव्यानं भरून देतात आणि खोटं बोलत नाहीत.

लालमहंमद : खोटं बोललो असतो तर वर माडी बांधली असती. त्या कोण मॅडम? पायरीवर बसल्यात त्या?

धम्मप्रिया : माय आहे माझी. माय, आत ये ना गं.

सरजाबाई : ऱ्हाऊ दे. हितंच बरं हाय.

लालमहंमद : काय म्हणल्या?

धम्मप्रिया : तिथंच बरं आहे म्हणते. आवाजच बारीक आहे तिचा, लहानपणापासून.

लालमहंमद : मावशी, दुकानात तीस खुर्च्या हायेत आन् तुम्ही पायरीवर. लोक म्हणतील लालमहंमदनं बसू दिलं न्हाई. बरं, कमीत कमी सावलीला सरका.

धम्मप्रिया : ही कशी आहे? कोरीव पाठीची? निजामाच्या काळातली आहे म्हणे. खाली चिठ्ठी लावलीय.

लालमहंमद : ती चिठ्ठी भंगारवाल्याची. त्याच्याजवळची हरेक खुर्ची निजामाचीच असती. एवढ्या खुर्च्यांवर निजाम बसला असता तर राज्य कवा केलं असतं? हिचा हात धरून हलवा.

धम्मप्रिया : हलतोय.

लालमहंमद : उठताना म्हातारं माणूस समदं वजन हातावरच टाकतं. एक दिवस हा हात निघंल, आन् म्हातारा...

धम्मप्रिया : नका हो असं बोलू!

लालमहंमद : चुकलं. तोंडच असं हाय माझं. ही बघा, ही. शिसवी. देगलूरच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यातली. पेशंट या खुर्चीवर बसायचा. डॉक्टरची कंबर धरलेली, वाकता यायचं न्हाई, म्हणून त्यानं बैठकच उंच करून घेतली. खाली निवाडीच्या, म्हणजे जाड सुती नवारीच्या पट्ट्या, त्यावर काथ्या, त्यावर दाबून कापूस. फोम न्हाई, स्प्रिंग न्हाई. हात ओढा, कसाबी ओढा.

धम्मप्रिया : हलत नाही.

लालमहंमद : आता बसा, मी मोजतो. हं... साडेएकोणीस. तुम्ही बसून साडेएकोणीस.

धम्मप्रिया : आबा माझ्यापेक्षा जड आहेत.

लालमहंमद : मग एकोणीसला दोन दोरे, म्हणजे पाव इंच वर. खाली न्हाई जायची, जबान देतो. फक्त उठू नका आता. चहा सांगितलाय समोर सिद्रामप्पाच्या हॉटेलात. माझा नेम हाय, चहा संपेपर्यंत गिऱ्हाईकानं खुर्चीवर बसायचं. पहिली पाच मिनिटं कोणतीबी खुर्ची गोडच लागती.

धम्मप्रिया : चहा नको हो मला. थांबा, दवाखान्याचा फोन आहे. हॅलो? हो सिस्टर. हो, येतच आहे. काय? नाही नाही, एकट्यांना उठू देऊ नका! कुठं जायचंय म्हणतात? मायला बघायला? ती माझ्याबरोबर आहे म्हणून सांगा. मोठ्यानं सांगा, कानाजवळ जाऊन. हो... ठेवते. बघितलंत? पाच मिनिटं थारा नाही. शाळेत तासावर असले तरी कान फोनकडंच. मुलं कविता म्हणत असतात आणि मला वाटतं आत्ता ते घरी खाली बसले असतील, आत्ता उठत असतील.

लालमहंमद : पाणी घ्या.

धम्मप्रिया : खरं सांगू मिस्त्री? खुर्ची मिळाली. पण ते बसतील का, हीच भीती आहे. त्या दिवशीही घरात चार खुर्च्या होत्याच की. तरी खालीच बसले.

लालमहंमद : कामून?

धम्मप्रिया : काय सांगायचं. चाळीस वर्षं जिनिंगमध्ये काम केलं त्यांनी. मालक गादीवर, मुनीम खुर्चीवर आणि आबा उभे, नाहीतर जमिनीवर. आमच्या माणसांना खुर्ची दिली कुणी? ते इतकं खोल गेलंय मनात, की लेकीच्या घरातसुद्धा खुर्ची आपली वाटत नाही त्यांना. मी वर्गात हेच शिकवते आणि घरी डोळ्यांनी बघते. म्हणून मला अशी खुर्ची पाहिजे होती, जुनी, भारदस्त, की बसल्यावर त्यांना वाटलं पाहिजे...

सरजाबाई : जयंतीला बसतेत की.

धम्मप्रिया : काय गं?

सरजाबाई : जयंतीला. स्टेजवर. चार चार घंटे, मधल्या खुर्चीवर. उठा म्हणलं तर उठत न्हाईत.

लालमहंमद : हे मला आलं ऐकू!

सरजाबाई : न्हाव्याकडं बसतेत. तुझ्या शाळेत आले व्हते, तवा हेडमास्तरच्या पुढं पायावर पाय टाकून बसले. तूच म्हणलीस, आबा पाय खाली घ्या.

धम्मप्रिया : माय, मी काय सांगतेय आणि तू काय...

सरजाबाई : मी कुठं काय म्हणलं.

लालमहंमद : मॅडम, राग मानू नका. खुर्ची डुगडुगली की गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, पाय घासा. मी आधी फरशी बघतो. पुष्कळदा खुर्ची चांगली असती, फरशीच उंचसखल असती. तुमचे आबा जगात सगळीकडं खुर्चीवर बसून राहिले, मग घरीच कामून खाली? तुम्ही विचारलं त्यांना?

धम्मप्रिया : विचारायचं काय त्यात? मी लेक आहे त्यांची.

लालमहंमद : म्हणजे न्हाई विचारलं. घरात खाली कोण बसतं?

सरजाबाई : चल पिरिया. उशीर व्हायलाय.

धम्मप्रिया : खाली? खाली माय बसते. ती कायम खालीच... माय? अगं, उठलीस कशाला? रडतेस काय?

सरजाबाई : मंगळवारी मीच म्हणलं त्यांना, या खाली.

धम्मप्रिया : काय म्हणालीस?

सरजाबाई : ते वरच व्हते, पिलास्टिकच्या खुर्चीवर. मी खाली डाळ निवडत व्हते. हिमायतनगरहून बहिणीचा फोन आल्ता. म्हणली, सरजा, आता मला काहीच दिसत न्हाई. एक डोळा आधीच गेल्ता, आता दुसराबी गेला. म्हणलं, यांना सांगावं. सांगितलं. "आं?" म्हणले. पुन्ना सांगितलं. पुन्ना "आं?" त्या जिनिंगच्या मशिनीनं कान गेलेत त्यांचे, तुला ठाव हाय. तीनदा सांगितलं, पिरिया. बहीण आंधळी झाली, हे माणसानं तीनदा वरडून सांगावं का? मला राग आला. म्हणलं, ऐकायचं असंल तर या खाली. आन् ते आले.

धम्मप्रिया : अगं, पण कानाचं मशीन घेतलंय ना आपण.

सरजाबाई : ते शिट्ट्या मारतंय. डब्यात हाय.

धम्मप्रिया : किती वेळ बसले होते खाली?

सरजाबाई : घंटाभर. लई बोललो. आपरेशन झाल्यापून बोलणंच न्हवतं झालं, गं. ते वर, मी खाली. मी बोलायले की ते नुसती मान हलवायचे. ऐकू काय यायचं न्हाई, पण मला वाईट वाटू नये म्हणून हलवायचे. त्या दिशी माझ्या बहिणीचं सगळं ऐकून घेतलं. म्हणले, आपण तिला इकडं घिऊन येऊ. मग उठले. मी हात दिल्ता. आन् कट् वाजलं. मला ऐकू आलं, त्यांना न्हाई आलं.

लालमहंमद : या अल्लाह.

धम्मप्रिया : आणि मी आठ दिवस त्यांना बोलत होते. वॉर्डात, सगळ्यांसमोर. आबा, तुमच्या हट्टापायी माझा जीव जाईल, असं म्हटलं मी. ते छताकडं बघत राहिले. तू पण कोपऱ्यात उभी होतीस माय. तू का नाही बोललीस?

सरजाबाई : त्यांनी डोळ्यानं खुणावलं, बोलू नको म्हणून. आन् मलाबी भ्या वाटलं.

धम्मप्रिया : माझं?

सरजाबाई : तू मला कंधारला माझ्या भावाकडं धाडशील म्हणून. म्हणशील, ही हितं हाय तवर म्हातारा खाली बसणार. मग हिलाच धाडा.

धम्मप्रिया : असं मी कधी म्हणेन का गं?

सरजाबाई : म्हणली असतीस.

धम्मप्रिया : ... म्हटलं असतं. आठ दिवसांपूर्वी कळलं असतं ना, तर रागात म्हटलंच असतं मी. खोटं कशाला बोलू.

लालमहंमद : चहा आला. घ्या मॅडम. मावशी, तुम्हीबी घ्या. मी काय म्हणतो, ही एक खुर्ची देऊन भागत न्हाई. उद्या पुन्ना ते वर, ह्या खाली. किती दिवस राहतील? आठ? पंधरा? एक दिवस पुन्ना कोणाचा तरी फोन येणारच.

धम्मप्रिया : तेच. तेच डोळ्यासमोर येतंय माझ्या. काय करू सांगा. मी नोकरी सोडून घरी बसू का?

लालमहंमद : तुम्ही न्हाई, ह्या बसतील. खुर्चीवर. त्यांच्या बाजूला.

सरजाबाई : मी? न्हाई, न्हाई. मी न्हाई बसत.

लालमहंमद : कामून मावशी?

सरजाबाई : त्यांच्या म्होरं खुर्चीवर? पन्नास वर्षं झाली लग्नाला, कवा बसले न्हाई. सासू म्हणायची, नवरा खाली आन् बायको वर, ते घर बसलं.

लालमहंमद : ते खाली कुठं हायेत? तेबी वरच हायेत. बरोबरीनं बसायचं.

सरजाबाई : ते तर आनखीन वाईट.

धम्मप्रिया : माय, विहारात नाही का तुम्ही सगळे एका सतरंजीवर बसत? बायामाणसं, पुरुष, लहानथोर?

सरजाबाई : तिथं समदे खालीच असतेत.

धम्मप्रिया : अगं पण समता म्हणून...

सरजाबाई : तू भाषण करू नको पिरिया. मला समता कळती. मी तुझ्या आधीपून गाणी म्हणते तिची. पण वर बसलं की मला बोलणंच निघत न्हाई. पाय अधांतरी, हात कुठं ठिवावं कळत न्हाई. खाली बसलं, हातात डाळीचं सूप घेतलं, की आपसूक बोलणं येतं. खुर्चीवर बसून काय बोलू मी, फोटूतल्यावाणी?

लालमहंमद : हे मातर खरं हाय. खुर्चीवर बसायला शिकावं लागतं. माझ्या बायकोलाबी न्हाई येत. पण मावशी, तुम्हाला न्हाई आलं तर ते खाली येणार. दोघांतून एकालाच जागा बदलता येती, आन् ते तुम्ही.

धम्मप्रिया : माय, मी हात जोडते तुला. परत ते ओरडणं मला ऐकवणार नाही. लोह्याच्या पुढं गाडी उभी केली होती, आठवतं? आबा म्हणत होते, मला इथंच ठेवा, पण हलवू नका. मला झोप लागत नाही माय तेव्हापासून.

सरजाबाई : मला तरी कुठं लागती.

लालमहंमद : एवढ्या उंचीची दुसरी एकच हाय माझ्याजवळ. पण ती उघडी हाय. कोण्या शाळेच्या ऑफिसातली. निवाड मारून झाली, काथ्या-कापूस भरायचा राहिला. पाचपर्यंत भरून देतो. दवाखान्याचे कागद तरी कुठं चारला मिळून राहिलेत? ही बघा. पट्ट्यांवरच बसा मावशी, तुटत न्हाई. या. मॅडम, हात द्या त्यांना.

सरजाबाई : हळू गं... पाय पोचत न्हाईत माझे.

धम्मप्रिया : मिस्त्री, हिचे पाय दोन इंच कापून देता का? खुर्चीचे?

लालमहंमद : कापायला दोन मिनिटं. पण पाय कापले की तोंडबी दोन इंच खाली जातं. आपल्याला गुडघा न्हाई मोजायचा, कान मोजायचा हाय. उतरा मावशी, थोडं थांबा. हा बघा गादीचा कापूस. चांगला पिंजलेला हाय. हा मी दोन्ही कानांत गच्च कोंबतो, आन् तुमच्या आबाच्या खुर्चीवर बसतो. आता मी आबा. तुम्ही आधी खाली बसून बोला, मग वर बसून. रिकामी खुर्ची मोजत न्हाई मी.

सरजाबाई : परक्या माणसाला काय बोलू?

धम्मप्रिया : काहीही बोल. बाजाराचं बोल. त्यांना आता माझंही ऐकू येत नाहीये बघ. मिस्त्री! ओ मिस्त्री! हं, नाही येत. बैस खाली, बोल.

सरजाबाई : औंदा तूर चांगली हाय म्हणतेत.

लालमहंमद : आं?

सरजाबाई : तूर. तूर चांगली हाय.

लालमहंमद : तोंड हलून राहिलंय, बाकी काय न्हाई. हाव, हाव.

सरजाबाई : अगं, हे तर त्यांच्यासारखीच मान हलवायलेत.

धम्मप्रिया : म्हणजे रोज असंच... बरं. आता ऊठ. इथं बैस. ही फळी तुझ्या पायाखाली ठेवते, थांब. टेकले पाय? हात असे खुर्चीच्या हातांवर ठेव. खुर्ची जरा जवळ घेऊ, अशी. त्यांच्या कानाकडं वळ. बाजाराचं राहू दे आता. आबाच बसलेत समज. आज दवाखान्यातून घरी आलेत.

सरजाबाई : तू तिकडं बघ.

धम्मप्रिया : बघितलं. बोल.

(सरजाबाई बाजूच्या खुर्चीकडे किंचित झुकते. तिचे ओठ हलतात.)

धम्मप्रिया : झालं? मला काहीच ऐकू नाही आलं. मिस्त्री! (कानातला कापूस काढायची खूण करत) तुम्हाला?

लालमहंमद : मला आलं. "त्या दिशी लई दुखलं का वो," म्हणल्या.